अण्वस्त्र नियंत्रणात भारतीय तरुण संशोधक कुठे आहेत?



आज राष्ट्रीय विज्ञान दिन. ठिकठिकाणी व्याख्याने आणि प्रदर्शने होतील, रामन यांच्या शोधाची उजळणी होईल, आणि ते योग्यच आहे. मात्र याच महिन्यात घडलेल्या एका घटनेकडे आपल्या विज्ञानवर्तुळाने पुरेसे लक्ष दिले नाही, असे मला वाटते. ५ फेब्रुवारी २०२६ रोजी अमेरिका आणि रशिया यांच्यातील ‘न्यू स्टार्ट’ कराराची मुदत संपली. २०१० मध्ये प्राग येथे झालेल्या या कराराने दोन्ही देशांच्या तैनात दीर्घ पल्ल्याच्या अण्वस्त्रांवर प्रत्येकी १,५५० ची मर्यादा घातली होती. वर्षाला १८ प्रत्यक्ष तपासण्यांची तरतूद होती. त्या तपासण्या कोविडच्या काळात थांबल्या, पुढे २०२३ मध्ये रशियाने आपला सहभाग स्थगित केला, आणि आता करारच उरलेला नाही.

वर्तमानपत्रांनी ही बातमी परराष्ट्र धोरणाच्या पानावर छापली. ती विज्ञानाच्या पानावरही यायला हवी होती. करार मुत्सद्दी करतात, पण तो पाळला जातो की नाही हे उपकरणे सांगतात. आणि ती उपकरणे भौतिकशास्त्रज्ञ बनवतात. क्षेपणास्त्रावरची एखादी वस्तू अण्वस्त्र नाही, एवढे सिद्ध करण्यासाठी न्यू स्टार्टचे तपासनीस न्यूट्रॉन मोजत असत.

काही दिवसांपूर्वी एका महाविद्यालयात व्याख्यानानंतर एम.एस्सी.च्या एका विद्यार्थिनीने मला विचारले, “मॅडम, मला न्यूक्लिअर फिजिक्स आवडते. पण बॉम्ब कमी करण्याच्या बाजूने काम करायचे असेल, तर आपल्याकडे जायचे कुठे?” मला सरळ उत्तर देता आले नाही. पीएच.डी. आणि पोस्टडॉकची वर्षे याच विषयाच्या आसपास घालवूनही ते देता येऊ नये, याची मला खंत वाटली. ही पोस्ट म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

प्रथम, हा प्रश्न आपला का आहे ते पाहू. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी शिकवले जाणारे प्रक्षेप्याचे गणित आठवा. ४५ अंशांत फेकलेल्या वस्तूचा पल्ला R असेल, तर तिचा उड्डाणकाळ २R भागिले g या राशीच्या वर्गमुळाएवढा असतो. दिल्ली आणि इस्लामाबाद यांच्यातील हवाई अंतर सुमारे ७०० किलोमीटर. हा आकडा सूत्रात घाला. उत्तर येते ३७८ सेकंद, म्हणजे सव्वासहा मिनिटे. इंजिन जळत असतानाचा काळ आणि वातावरणाचा परिणाम धरला तरी चित्र फारसे बदलत नाही. अमेरिका आणि रशिया यांच्यामध्ये हाच काळ सुमारे अर्ध्या तासाचा आहे. त्या अर्ध्या तासातसुद्धा शीतयुद्धाच्या काळात धोक्याचे खोटे इशारे मिळाले आणि जग थोडक्यात बचावले. आपल्याकडे तर चहा उकळायला लागतो तेवढाच वेळ.

झिया मियां, आर. राजारामन आणि एम. व्ही. रमणा या तीन भौतिकशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये याच प्रश्नाचा तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केला. दक्षिण आशियात पूर्वसूचना यंत्रणा उभारली, तरी मिळालेल्या इशाऱ्याची खातरजमा करून विचारपूर्वक निर्णय घ्यायला वेळच उरत नाही, हा त्याचा मथितार्थ. यातून निघणारा धोरणात्मक निष्कर्ष महत्त्वाचा आहे: इशारा मिळताच डागायच्या तयारीत अस्त्रे ठेवणे या भूगोलात विशेष घातक ठरते. हा निष्कर्ष काढायला गुप्त कागदपत्रांची गरज नव्हती. नकाशा, यामिकी आणि प्रामाणिकपणा एवढ्यावर तो उभा आहे.

९ मार्च २०२२ रोजी भारताचे एक ब्राह्मोस क्षेपणास्त्र चुकून डागले गेले आणि पाकिस्तानातील मियां चन्नूजवळ जाऊन पडले. त्यावर स्फोटक अग्र नव्हते, जीवितहानी झाली नाही, आणि दोन्ही बाजूंनी संयम राखला. परंतु क्षेपणास्त्र चाचण्यांची आगाऊ सूचना देण्याचा २००५ चा द्विपक्षीय करार केवळ बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांपुरता आहे. क्रूझ क्षेपणास्त्रे त्याच्या कक्षेबाहेर राहिली आहेत. ही फट बुजवायची असेल, तर काय कळवायचे, किती आधी कळवायचे आणि कळवलेले खरे आहे हे कसे तपासायचे, याची तांत्रिक आखणी कुणीतरी करायला हवी. सिप्रीच्या २०२५ च्या वार्षिकीनुसार भारताकडे सुमारे १८०, पाकिस्तानकडे १७० आणि चीनकडे किमान ६०० अण्वस्त्रे आहेत. अण्वस्त्रधारी तीन शेजाऱ्यांच्या या प्रदेशात अशी आखणी करू शकणारे स्वतंत्र वैज्ञानिक मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे आहेत.

आता या क्षेत्रातील विज्ञानाकडे वळू. अनेक विद्यार्थ्यांना वाटते, की अण्वस्त्र नियंत्रण म्हणजे भाषणे आणि ठराव. प्रत्यक्षात त्यात उत्तम दर्जाचे भौतिकशास्त्र दडलेले आहे.

भूकंपशास्त्र घ्या. सर्वंकष अणुचाचणी बंदी कराराच्या देखरेख जाळ्यात ३२१ केंद्रे आणि १६ प्रयोगशाळा असे ३३७ घटक योजलेले आहेत. भूकंपलहरी, समुद्रातील ध्वनी, कानाला ऐकू न येणारा अवध्वनी आणि हवेतील किरणोत्सारी कण अशा चार मार्गांनी ते जगावर लक्ष ठेवते. ऑक्टोबर २००६ मध्ये उत्तर कोरियाने पहिली भूमिगत चाचणी केली, तेव्हा जवळजवळ दोन आठवड्यांनी, हजारो किलोमीटर दूर, कॅनडातील येलोनाइफच्या केंद्राला हवेत झेनॉन-१३३ चे अंश सापडले. सव्वापाच दिवसांचे अर्धायुष्य असलेला हा निष्क्रिय वायू खडकांच्या भेगांतून निसटला होता. तो कुठून आला हे वाऱ्यांच्या प्रारूपांनी मागे मागे जाऊन दाखवले. अणुभौतिकी आणि हवामानशास्त्र यांची अशी सांगड इतरत्र क्वचितच पडते.

आपल्या देशालाही या विद्येची परंपरा आहे. कर्नाटकातील गौरीबिदनूर येथील भूकंपमापकांचे जाळे १९६० च्या दशकात ब्रिटनच्या सहकार्याने उभे राहिले, आणि दूरच्या भूमिगत चाचण्या ओळखणे हा त्याच्या कामाचा भाग होता. पोखरणच्या १९९८ च्या चाचणीची ताकद किती होती, यावर भाभा अणुसंशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ आणि परदेशी भूकंपशास्त्रज्ञ यांच्यात मतभेद झाले. २००९ मध्ये के. संथानम यांच्या वक्तव्याने तो वाद देशातही पेटला. या वादाचा गाभा वैज्ञानिक आहे: खडक कोणता, स्फोट किती खोल, आणि किती ऊर्जा लहरींत उतरली. आपल्या विद्यापीठांतील किती विद्यार्थ्यांनी ते आकडे स्वतः हाताळून पाहिले असतील?

दुसरे उदाहरण अँटिन्यूट्रिनोंचे. एक गिगावॅट औष्णिक शक्तीची अणुभट्टी दर सेकंदाला सुमारे २ गुणिले १०²⁰ अँटिन्यूट्रिनो बाहेर टाकते. कोणतीही भिंत त्यांना अडवू शकत नाही. भट्टीत युरेनियम-२३५ जळून प्लुटोनियम-२३९ वाढू लागते, तशी त्यांची संख्या आणि ऊर्जेची वाटणी किंचित बदलते. म्हणजे भट्टीच्या आत न जाता, बाहेर बसून, तिच्या पोटात काय चालले आहे याचा अंदाज घेता येतो. मुंबईत तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीजवळ ‘इस्मरान’ हा प्लॅस्टिक सिंटिलेटरच्या पट्ट्यांचा डिटेक्टर याच भौतिकीवर उभा आहे, आणि अणुभट्टीवर दुरून देखरेख हा त्याच्या उद्दिष्टांपैकी एक आहे. मूलभूत न्यूट्रिनो संशोधन आणि पडताळणीचे तंत्र एकाच यंत्रात कसे नांदते, हे पाहायला परदेशी जाण्याची गरज नाही.

तिसरे उदाहरण माझ्या विशेष आवडीचे. तपासनिसाला खात्री हवी असते, की समोरची वस्तू खरेच अण्वस्त्र आहे. यजमान देशाला मात्र तिची रचना उघड होऊ द्यायची नसते. २०१४ मध्ये अलेक्झांडर ग्लेझर, बोआझ बराक आणि रॉबर्ट गोल्डस्टन यांनी ‘नेचर’मध्ये यावर एक सुंदर उपाय मांडला. प्रमाण मानलेल्या अस्त्रातून न्यूट्रॉन पाठवले असता डिटेक्टरांवर जी चित्राकृती उमटेल, तिची पूरक आकृती यजमानाने आधीच गुप्तपणे डिटेक्टरांत भरून ठेवायची. तपासायची वस्तू प्रमाणाबरहुकूम असेल, तर दोन्ही मिळून सर्वत्र सारखी, सपाट नोंद येते. त्या सपाट नोंदीतून रचनेविषयी काहीही कळत नाही. फसवणूक असेल तर मात्र ती उघडी पडते. मूळ कल्पना संगणकशास्त्रातल्या गूढलेखनाची, आणि ती साकारणारे न्यूट्रॉन भौतिकीचे.

आपल्या देशाने या क्षेत्रात कधी काही केलेच नाही, असे मुळीच नाही. १ मार्च १९५४ च्या बिकिनीवरील हायड्रोजन बॉम्ब चाचणीनंतर महिनाभरातच, २ एप्रिल रोजी, पंडित नेहरूंनी लोकसभेत चाचण्या थांबवण्याच्या कराराचे आवाहन केले. त्यानंतर दौलतसिंह कोठारी या खगोलभौतिकशास्त्रज्ञाने अणुस्फोट आणि त्यांचे परिणाम यांवर एक ग्रंथ सिद्ध केला. होमी भाभा आणि कर्करोग संशोधक वसंत खानोलकर यांचा त्याला हातभार होता, आणि तो १९५६ मध्ये भारत सरकारनेच प्रकाशित केला. उघड उपलब्ध माहितीवरून एका नवस्वतंत्र देशाच्या वैज्ञानिकांनी केलेला तो अभ्यास होता. रसेल-आइन्स्टाइन जाहीरनाम्यातून उभी राहिलेली वैज्ञानिकांची पहिली परिषद मुळात दिल्लीत भरायची होती. सुएझच्या संकटामुळे ते राहिले, आणि ती १९५७ मध्ये कॅनडातील पगवॉश या गावी भरली. १९६४ मध्ये पगवॉश परिषद उदयपूरला आली.

पुढच्या पिढीत राजारामन यांचे नाव घ्यावे लागेल. क्षेत्र सिद्धांत शिकणाऱ्या प्रत्येकाला त्यांचे सॉलिटॉन आणि इन्स्टंटॉन यांवरील पुस्तक ठाऊक असते. तेच राजारामन विखंडनक्षम पदार्थांवरील आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ मंडळाचे सहअध्यक्ष होते, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. २००६ मध्ये, भारत-अमेरिका अणुकराराची चर्चा ऐन भरात असताना, राजारामन आणि रमणा हे दोन भारतीय, तसेच मियां आणि ए. एच. नय्यर हे दोन पाकिस्तानी भौतिकशास्त्रज्ञ यांनी मिळून दक्षिण आशियातील विखंडनक्षम पदार्थांच्या साठ्यांचे गणित मांडले. सीमेच्या दोन बाजूंचे चार वैज्ञानिक एका शोधनिबंधावर सही करतात, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते. त्या चौघांची जागा घेणारे आजचे तिशीतले चौघे कोण, हा प्रश्न मी स्वतःला विचारते, आणि उत्तर सुचत नाही.

यामागे हुशारीची वाण आहे असे मी मानत नाही. वाट नाही, म्हणून वाटसरू नाहीत. काही वर्षांपूर्वी एका संस्थेतील मुलाखतीत मी पडताळणीच्या डिटेक्टरवरील आराखडा मांडला, तेव्हा समितीतील एका ज्येष्ठांनी विचारले, “यात भौतिकशास्त्र किती आणि राजकारण किती?” दुसऱ्या ठिकाणी, धोरण अभ्यासाच्या केंद्रात, मला सांगण्यात आले की समीकरणे कमी करा. भौतिकशास्त्र विभागाला मी राजकारणी वाटले, आणि धोरणवाल्यांना गणिती. या दोन खुर्च्यांच्या मधल्या फटीत अनेक तरुण पडतात आणि निमूटपणे दुसरा विषय घेतात.

तरीही वाटा आहेत, आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. प्रिन्स्टन विद्यापीठात विज्ञान आणि जागतिक सुरक्षा यांवरचा दीर्घकाळ चाललेला संशोधन कार्यक्रम आहे. याच विषयाचे १९८९ पासूनचे नियतकालिक कुणालाही विनामूल्य वाचता येते, आणि सुरुवात तिथूनच करावी. हार्वर्डच्या ‘मॅनेजिंग द ॲटम’ प्रकल्पात आणि स्टॅनफर्डच्या सुरक्षा अभ्यास केंद्रात पीएच.डी. करणाऱ्यांसाठी आणि नुकतीच ती पूर्ण केलेल्यांसाठी फेलोशिप असतात. अमेरिकेतील भौतिकशास्त्रज्ञांच्या आघाडीनेही नव्या पिढीसाठी फेलोशिप सुरू केली आहे. ती प्रामुख्याने तिथे शिकणाऱ्या-राहणाऱ्यांसाठी आहे, म्हणून तिथल्या भारतीय विद्यार्थ्यांनी तिच्याकडे लक्ष द्यावे. इटलीत १९६६ पासून निःशस्त्रीकरणावर आंतरराष्ट्रीय अभ्यासवर्ग भरतात. पगवॉशची विद्यार्थी आणि तरुणांची शाखा आहे. जिनिव्हाची संयुक्त राष्ट्रांची निःशस्त्रीकरण संशोधन संस्था आणि व्हिएन्नाचे निःशस्त्रीकरण व अप्रसार केंद्र यांचे काम सातत्याने पाहत राहावे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची मारी क्यूरी यांच्या नावाची फेलोशिप अणुक्षेत्रात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी आहे, आणि तिच्या विषयांत अप्रसाराचाही समावेश होतो. देशात बंगळुरूची राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्था, दिल्लीतील मनोहर पर्रीकर संरक्षण अध्ययन संस्था, जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील निःशस्त्रीकरण अभ्यासाचे केंद्र आणि पुणे विद्यापीठाचा संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग ही ठिकाणे आहेत. मात्र अर्ज करण्यापूर्वी नागरिकत्वाची अट नीट वाचा. उत्साहाने अर्ज लिहून शेवटच्या ओळीत आपण पात्रच नाही हे कळण्याचा अनुभव मी घेतला आहे.

या विषयावर बोलले की दोन आक्षेप हमखास येतात. पहिला असा, की अण्वस्त्र नियंत्रण हा बड्या राष्ट्रांनी आपले हात बांधण्यासाठी रचलेला डाव आहे. अण्वस्त्र प्रसारबंदी करार भेदभावपूर्ण आहे ही भारताची भूमिका मला मान्य आहे. पण १९९६ मध्ये जिनिव्हात अरुंधती घोष यांनी चाचणीबंदी कराराला ठाम नकार दिला, तेव्हा भारताचा एक आक्षेप तांत्रिक होता: स्फोट न करता, संगणकाच्या आधारे अस्त्रे सुधारण्याची वाट हा करार मोकळी ठेवतो. नकार द्यायलासुद्धा विज्ञान लागते. शिवाय विखंडनक्षम पदार्थांचे उत्पादन थांबवणाऱ्या, पडताळणी करता येईल अशा कराराच्या वाटाघाटींना भारताने पाठिंबा दिलेला आहे. मग त्या पडताळणीची पद्धत कोण सुचवणार? आपली माणसे नसतील, तर इतरांनी आखलेली पद्धत समोर येईल, आणि आपण पुन्हा भेदभावाची तक्रार करू.

दुसरा आक्षेप गोपनीयतेचा. तो गंभीर आहे. अणुऊर्जा किंवा संरक्षण खात्यात काम करणाऱ्यावर कायद्याची बंधने असतात आणि ती पाळलीच पाहिजेत. म्हणूनच विद्यापीठांत स्वतंत्र संशोधकांची गरज अधिक आहे. वर उल्लेखलेली कामे उघड माहितीवर झालेली आहेत. दर वर्षी १ जानेवारीला भारत आणि पाकिस्तान आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. १९९२ पासून, कारगिल असो की त्यानंतरचे तणाव, ही प्रथा खंडित झालेली नाही. दोन देश एकमेकांना एवढे सांगू शकत असतील, तर आपल्याच विद्यार्थ्यांशी या विषयावर बोलायला आपण का कचरावे?

माझ्या मागण्या तीन आहेत, आणि त्या महाग नाहीत. अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानने विज्ञान आणि जागतिक सुरक्षा या विषयात दर वर्षी मोजक्या पोस्टडॉक फेलोशिप द्याव्यात. आयसर, आयआयटी आणि मोठ्या विद्यापीठांनी एम.एस्सी.ला एक ऐच्छिक अभ्यासक्रम सुरू करावा. आणि नेमणुकीच्या समित्यांनी या विषयावरील शोधनिबंध भौतिकशास्त्राचा शोधनिबंध म्हणून मोजावा. डिसेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने अणुयुद्धाच्या परिणामांवर २१ सदस्यांचे स्वतंत्र वैज्ञानिक मंडळ नेमण्याचा ठराव केला. अणुयुद्धाच्या धुराने मान्सूनचे काय होईल, हा प्रश्न पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेइतका आपलेपणाने दुसरे कोण विचारणार? आजवर या विषयावरची बहुतेक गणिते परदेशांत झाली आहेत. त्यांत वाद आहेत, धुराच्या प्रमाणाविषयी मतभेद आहेत, आणि म्हणूनच आपली स्वतःची गणिते हवीत.

शेवटी त्या विद्यार्थिनीला, आणि तिच्यासारख्या सर्वांना. आपला मूळ विषय सोडू नका. डिटेक्टर, भूकंपशास्त्र, न्यूट्रिनो, हवामान किंवा संगणकशास्त्र यांपैकी एकात पक्के व्हा; पीएच.डी. त्यातच करा. आठवड्यातला एक दिवस या प्रश्नासाठी राखून ठेवा. जगभरच्या भूकंपकेंद्रांचे लेख उघडपणे मिळतात. एक चाचणी निवडा आणि तिची तीव्रता स्वतः काढून पाहा. उत्तर चुकेल, का चुकले ते शोधाल, आणि तिथून संशोधन सुरू होईल. नोकरीची हमी मी देऊ शकत नाही, तसे सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पण या क्षेत्रात गर्दी नाही. एक नीट केलेला अभ्यास इथे लोकांच्या लक्षात राहतो.

सव्वासहा मिनिटांचे ते गणित आज वहीत करून पाहा. आपले शहर आणि सीमेपलीकडचे एखादे शहर घ्या, अंतर मोजा, वर्गमूळ काढा. आलेला आकडा खाली प्रतिक्रियेत लिहा. आणि तुमच्यापैकी कुणी या विषयात काम करत असाल किंवा करू इच्छित असाल, तर तेही लिहा. निदान आपण किती जण आहोत, हे तरी एकमेकांना कळू द्या.